मुखवटा उतरवण्यापूर्वी

१८ जुलै २००८ रोजी मध्यरात्रीच्या ठोक्याला अमेरिकेतील चित्रपटगृहांत ‘द डार्क नाइट’ झळकला. पहाटे घरी परतून काही तासांतच नावडत्या कामावर हजर होणारे कितीतरी तरुण त्या गर्दीत असतील. आपलेही आयुष्य पालटावे, हीच त्यांची आस. परंतु पडद्यावरील ब्रूस वेनही आपले कार्य सोडू पाहत होता. मात्र ते हार्वी डेंटच्या हाती सोपवून. डेंट ढळला, तेव्हा त्याचे गुन्हे वेनने स्वतःच्या माथी घेतले.

वाचकहो, व्यवसाय बदलणे हे पाप नव्हे. सल्ला मागणाऱ्या तरुणांना मी एवढेच विचारतो : तू कंटाळ्यापासून पळतो आहेस, की कुणाच्या हाकेला ओ देतो आहेस? आणि तुझ्यामागे तुझा भार कोण उचलील?