हरणाऱ्या मुलीचंही मैदान

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. आपण फटाके वाजवले, स्टेटस ठेवले, लेकींचं कौतुक केलं. ते रास्तच होतं. पण दुसऱ्या दिवशी आपल्याच गावातल्या शाळेच्या मैदानावर काय दिसलं? खेळाच्या तासाला मुलं क्रिकेट खेळत होती. मुली कडेच्या पारावर त्यांची दप्तरं सांभाळत बसल्या होत्या.

मुलगी खेळायला निघाली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘खेळून काय मिळणार?’ तिचा भाऊ वर्षानुवर्षं गल्लीत क्रिकेट खेळतो. त्याला काय मिळालं, हे कुणी विचारत नाही. त्याचा खेळ हा त्याचा हक्क. तिने मात्र आधी पदक दाखवायचं. हा दुजाभाव आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो खटकतही नाही.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. तिथली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, मग धावू लागली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. पदकाच्या हिशेबात ही हारच. पण ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी दिसली होती ती १९८४ साली, पी. टी. उषाच्या रूपाने. सत्काराची शाल घेऊन आपण विजेतीची वाट बघत बसतो. पण पहिल्या दिवशी कुणाला ठाऊक असतं, कोण कुठवर जाणार?

खरी गळती होते ती तेरा-चौदाव्या वर्षी. पाळी सुरू होते आणि मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नसतं. संध्याकाळी सरावाची वेळ होते, तेव्हाच पाणी भरायचं असतं, कणीक मळायची असते. ‘ऊन लागून काळी पडशील’, ‘हात-पाय मोडले तर लग्न कसं जमणार’ ही वाक्यं मायेने बोलली जातात, म्हणून त्यांचा काच कळत नाही.

पालकांची एक भीती मात्र खरी आहे, सुरक्षिततेची. २०२३मध्ये देशाच्या नामवंत कुस्तीपटूंना लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं. पण यावर उपाय मुलीला घरी बसवणं हा नव्हे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा क्रीडा संस्था आणि मैदानांनाही लागू आहे. क्लबमध्ये तक्रार समिती आहे का, महिला प्रशिक्षक आहे का, हे फी भरतानाच विचारा. चोराला सोडून संन्याशाला फाशी देण्याचा न्याय घरात तरी नको.

शाळांनी मैदानाचं वेळापत्रक लावावं आणि त्यात मुलींचा वेळ राखून ठेवावा. ग्रामपंचायतीने आधी स्वच्छतागृह बांधावं, सत्काराची कमान नंतर उभारावी. आणि आईवडिलांनी एवढंच करावं: मुलीच्या सरावाच्या तासाला तिला घरातलं एकही काम सांगू नये. ती जिंकली तर आनंदच आहे. हरली, तरी दुसऱ्या दिवशी तिला मैदानावर जाऊ द्या.