मत आणि जाब

१८ मे २०१४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा कँटनच्या, म्हणजे त्या घटक राज्याच्या, मतदारांपुढे एक साधा प्रश्न होता. सीमेपलीकडे फ्रान्समध्ये पाच वाहनतळ बांधायचे आहेत. त्यासाठी आपल्या तिजोरीतून सुमारे ३१ लाख फ्रँक द्यायचे का? तिकडून रोज कामाला येणाऱ्यांनी गाड्या तिकडेच ठेवाव्यात, पुढे बसने किंवा रेल्वेने यावे आणि जिनिव्हाचे रस्ते मोकळे व्हावेत, असा हिशेब होता. मतदारांनी थोडक्या फरकाने ‘नाही’ म्हटले.

संकुचितपणा म्हणून या निकालाकडे बोट दाखवणे सोपे आहे. मला तो तेवढ्यावर सोडून द्यावासा वाटत नाही. ‘आमचा पैसा परक्या देशात का?’ हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. कर भरणाऱ्याने खर्चावर मत द्यावे, यापेक्षा सरळ लोकशाही कोणती? गोची वेगळीच आहे: ज्यांच्या गावात वाहनतळ होणार होते आणि ज्यांच्या गाड्या तिथे लागणार होत्या, त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी मतच नव्हते.

नकाशा पाहिला की हे किती विचित्र आहे ते कळते. या कँटनची फ्रान्सशी असलेली सीमा शंभर किलोमीटरहून लांब, आणि उरलेल्या स्वित्झर्लंडशी जेमतेम पाचेक किलोमीटर. एक लाखाहून अधिक माणसे फ्रान्समध्ये राहून जिनिव्हात नोकरी करतात. डिसेंबर २०१९पासून लेमाँ एक्स्प्रेस ही रेल्वे सीमेच्या आरपार धावते. कामाच्या आणि घरभाड्याच्या दृष्टीने हे एकच शहर आहे. मतपेटीच्या दृष्टीने नाही.

रॉबर्ट डाल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७०मध्ये एक तत्त्व चर्चेला घेतले होते: एखाद्या निर्णयाची झळ ज्याला लागते, त्याला त्या निर्णयात भाग घेण्याचा हक्क असावा. ऐकायला हे इतके न्याय्य वाटते की मान लगेच डोलते. पण वापरायला जावे तर हातात राहत नाही. झळ कोणाला लागणार हे निर्णयागणिक बदलते. मग दर प्रश्नाला नवी मतदारयादी करायची का? आणि ती कोणी करायची, हे कोणाच्या मताने ठरवायचे?

दुसरीकडे, आजची यादी फार तर्कशुद्ध आहे असेही नाही. परदेशी राहणाऱ्या स्विस नागरिकांना जिनिव्हा कँटनच्या प्रश्नांवर मत देता येते. म्हणजे यादीत नाव असलेला स्विस माणूस अर्जेंटिनात बसून त्या वाहनतळांना नकार देऊ शकत होता. सीमेलगतच्या आनमास गावातून रोज जिनिव्हाच्या रुग्णालयात जाणारी फ्रेंच परिचारिका देऊ शकत नव्हती. नागरिकत्व हा निकष आहे, मान्य. पण तो त्या शहराशी असलेल्या नात्याचे माप नाही.

जिनिव्हाला हा पेच नवा नाही. रूसो आपल्या नावापुढे अभिमानाने ‘जिनिव्हाचा नागरिक’ असे लिहीत असे. त्या अभिमानाला कारण होते: अठराव्या शतकातल्या त्या प्रजासत्ताकात नागरिक थोडे होते. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मुले शहरातच जन्मली तरी ती ‘नातिफ’, म्हणजे नुसती ‘इथे जन्मलेली’. त्यांना राजकीय हक्क नव्हते. कष्ट शहराचे, कारभार दुसऱ्यांचा. आजचे ‘नातिफ’ वेशीबाहेर राहतात, एवढाच फरक, असे म्हणायचा मोह होतो. पण ते अन्यायाचे होईल. आज त्यांना फ्रान्समध्ये मत आहे, आणि फ्रँकमधला पगार काही कमी नाही.

खरे तर या पगारामुळेच माझी सहानुभूती तिसऱ्याच माणसाकडे जाते. आनमासमध्येच शिकवणारा शिक्षक, तिथलाच दुकानातला नोकर. यांना पगार युरोत. भाडे मात्र शेजारच्या फ्रँकवाल्याशी स्पर्धा करत भरायचे. तो जिनिव्हात कामाला नाही, मतदारही नाही, आणि तरी जिनिव्हा किती नोकऱ्या निर्माण करते व किती घरे बांधते यावर त्याचे घर अवलंबून आहे. त्याचा विचार कोणाच्या बैठकीत होतो?

पैशापुरती या शेजाऱ्यांनी एक वाट काढली आहे. १९७३च्या करारानुसार जिनिव्हा या कामगारांच्या एकूण पगाराच्या ३.५ टक्के रक्कम दरवर्षी एँ आणि ओत-साव्वा या फ्रेंच जिल्ह्यांना देते. करार शहाणपणाचा आहे. मात्र पैसे पोचते झाले की देणे संपले, असे वाटू लागते. बृहत् जिनिव्हाची एक संयुक्त संस्थाही आहे: कँटन, शहर आणि फ्रेंच बाजूच्या स्थानिक संस्था तिथे एकत्र बसतात. ती योजना आखते, पण स्वतः कर लावू शकत नाही, आणि तिच्या सभासदांना दोन्हीकडच्या लोकांनी मिळून कधी निवडून दिलेले नसते.

दोन्हीकडच्यांची एक मोठी निवडणूक घ्यावी, असे मी म्हणणार नाही. जिनिव्हाच्या करदात्याचा हक्क खरा आहे आणि तो असा विरघळवता येणार नाही. पण मत देण्याचा हक्क आणि जाब विचारण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा हक्क द्यायला मतदारयादी लागत नाही. निर्णयापूर्वी कारणे मांडणे, पलीकडून आलेल्या हरकतीला लेखी उत्तर देणे, आणि ते मिळेपर्यंत अंमल थांबवणे, एवढे त्या संयुक्त संस्थेला बंधनकारक करता आले तरी चालेल. करदात्याचा नकार त्याच्याकडेच राहील. फक्त तो मुका राहणार नाही.

२०२५मध्ये कँटन सरकारने जाहीर केले की फ्रान्समध्ये राहणाऱ्या मुलांना २०२६पासून जिनिव्हाच्या सरकारी शाळांत जागा मिळणार नाही. वर्ग भरलेत, हे कारण खोटे नसेल. या मुलांपैकी अनेकांचे आईबाप जिनिव्हात कर भरतात. काहींकडे तर स्विस पासपोर्ट आहे, आणि परवडणारे घर मिळाले नाही म्हणून ते पलीकडे गेले. त्यांना घेण्यासाठी फ्रेंच बाजूच्या गावांना वर्गखोल्या आणि शिक्षक शोधावे लागणार. ती तयारी करायला किती वेळ लागेल, हे ठरवण्याआधी त्या गावांना विचारायला हवे होते की नाही?