वास्तूच्या छायाचित्रातील माणूस

महाराष्ट्रातील ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रणावर आरंभापासूनच एका विभागणीचा ठसा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई इलाख्यातील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले, तेव्हा हाताने काढलेल्या रेखाटनापेक्षा कॅमेऱ्याची नोंद अधिक नेमकी आणि कमी खर्चाची ठरेल, अशी अपेक्षा होती. त्या परंपरेत माणूस आला तो बहुधा मापापुरता, म्हणजे खांबाची उंची कळावी म्हणून त्याच्याशेजारी उभा केलेला. माणसांसाठी निराळे संग्रह निघाले. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या दोन खंडांत (१८६३ आणि १८६६) स्टुडिओत टिपलेल्या व्यक्तींच्या आकृती शहरातील दृश्यांवर जोडलेल्या आढळतात. म्हणजे ज्या जागेपुढे ती माणसे उभी दिसतात, तेथे ती प्रत्यक्षात उभी राहिलीच नव्हती.

त्या काळी प्रकाशनाला, म्हणजे भिंगातून काचेवर किंवा कागदावर प्रकाश पडू देण्याला, बराच वेळ लागत असे आणि चालता माणूस चित्रात पुसट होई किंवा उमटतच नसे. त्यामुळे निर्मनुष्य वास्तू ही काही अंशी तंत्राची मर्यादा होती. आज ती अडचण उरलेली नसताना गर्दी टाळून भल्या पहाटे टिपलेले, किंवा नंतर संगणकावर माणसे पुसून काढलेले देऊळच ‘चांगले’ मानले जाते, ही केवळ सवय आहे, आणि तिच्यामुळे वास्तूविषयीचे ज्ञानही उणे राहते.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. कृष्णेच्या घाटावर रास्ते घराण्याने अठराव्या शतकात बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे, ती पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांना जावे म्हणून. हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात घेतलेल्या छायाचित्रात हा आकार कारागिराची हौस वाटतो. नदी फुगून पाणी त्या भिंतीला भिडते, तेव्हाच त्याचे प्रयोजन कळते. धुणी, आंघोळी आणि उत्सवाची गर्दी यांवाचून घाटाच्या पायऱ्या म्हणजे नुसती दगडी उतरंड होय. दीपमाळेचेही तसेच: दिवे ठेवण्यासाठी दगडी हात काढलेला हा स्तंभ त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी पाहिल्यावाचून उलगडत नाही. पूर केव्हा येतो, जत्रा कोणत्या तिथीला भरते, बाजाराचा वार कोणता, हे त्या मुलखात राहणाऱ्याला ठाऊक असते आणि तो पुन्हापुन्हा जाऊ शकतो. घराजवळच्या छायाचित्रकाराचे खरे बळ हेच आहे, मग त्याचा कॅमेरा साधा का असेना.

अभ्यासकाला शिल्पाचा तपशील निर्वेध दिसावा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. पण ती गरज जवळून घेतलेल्या तपशीलचित्रांनी आणि मोजमापांसह काढलेल्या आराखड्यांनी भागते. सगळ्याच छायाचित्रांनी आराखड्याची चाकरी करावी, हा आग्रह मात्र अनाठायी आहे.

प्रश्न अधिक बिकट होतो तो वाड्यांच्या बाबतीत. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित वास्तूंना संरक्षण देतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. पुणे, सातारा, पैठण येथील बहुसंख्य खाजगी वाडे या छत्राबाहेर राहतात आणि वाटण्या, जुने भाडेकरार, जमिनीची वाढलेली किंमत यांच्या ओझ्याखाली पाडले जातात. त्यांची जी छायाचित्रे मागे राहतात, त्यांत दिंडी दरवाजा आणि कोरीव तुळया भरपूर असतात. माजघर, म्हणजे घराच्या मध्यभागी असलेला, मुख्यतः स्त्रियांच्या वावराचा भाग, क्वचितच असतो. तेथे पोचण्यासाठी घरातल्यांची परवानगी आणि ओळख लागते, आणि जीर्ण भिंतींचे देखणेपण शोधत आलेल्या छायाचित्रकारापाशी तेवढा धीर बहुधा नसतो. घरच्यांनी नकार दिला, तर माजघराची नोंद होणार नाही. तो अधिकार त्यांचा आहे, आणि चोरून टिपलेल्या चित्राने ती उणीव भरून काढणे गैरच होय.