दाराशी टाकलेला लाजर

काशीस दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर भिक्षेकऱ्यांची रांग बसलेली असते. यात्रेकरू नाणी टाकीत पुढे सरकतात. चेहऱ्याकडे क्वचितच कोणी पाहते. मीही तसाच उतरलो, हे कबूल केले पाहिजे.

लूक १६:१९-३१ मधील श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकलले नाही. मूळ ग्रीक क्रियापदाप्रमाणे लाजर त्याच्या दाराशी ‘टाकलेला’ होता, एवढेच. ओळख नव्हती म्हणावे, तर अधोलोकातून तो अब्राहामापाशी लाजराचे नाव घेऊनच विनवणी करतो! नाव ठाऊक होते. हात मात्र पुढे झाला नाही. आणि तेथेही त्याला लाजर हवा, तो पाणी आणणारा गडी म्हणूनच.

रविवारी उपासनेनंतर आपल्या मंदिराच्या फाटकाशी कोण बसलेले असते? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?