कुऱ्हाड आणि सात वर्षं

मार्चअखेरीस पहाटे जंगलाकडे निघालेल्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असली, तर चंद्रपुरातल्या सिंदेवाहीत काय आणि गडचिरोलीतल्या कुरखेड्यात काय, कोणी वळूनही पाहत नाही. तीच कुऱ्हाड रात्री पानठेल्यावर उगारली आणि गल्ल्यातले हजार-बाराशे उचलले, की ती प्राणघातक हत्यार ठरते. मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३११ लागतं. जुन्या दंडविधानात ते ३९७ होतं. आकडा तोच राहिला: सात वर्षांहून कमी शिक्षा नाही.

समजा, उगारणाऱ्याचे हात सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय स्थिर होत नाहीत. चहा अर्धा बशीत सांडतो. चोरीपायी एकदा आत जाऊनही आलाय. आता काय करायचं?

सात वर्षं जास्त होतात, असं मी म्हणणार नाही. खर्रा घोटता घोटता मानेजवळ पातं पाहिलेल्या माणसाला त्यानंतर अंधार पडला की ठेल्यावर बसवत नाही. ती भीती हजार रुपयांत मोजता येत नाही.

पण दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. १९७६ साली संता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की हा निव्वळ सोपस्कार नव्हे. आधीचे गुन्हे, वय, कामधंदा, घर, व्यसन, उपचाराने माणूस सुधारेल का, हे सगळं न्यायाधीशांपुढे यायला हवं. प्रत्यक्षात अनेकदा येतं ते एवढंच: घरात कमावता एकटाच आहे, दया व्हावी. दारूचं नाव वकीलही काढत नाही. स्वतःहून केलेली नशा हा कायद्यात बचाव नाही, मग उगाच साहेबांचं मत कशाला बिघडवा? गावाला जे पाठ आहे, ते कागदावर येतच नाही.

किरकोळ गांजासह सापडलेल्या व्यसनी माणसाला, त्याची तयारी असेल तर, शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याची सोय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात आहे. कुऱ्हाडवाल्याला ती नाही. समोर घाबरलेला माणूस आहे, म्हणून ते मला पटतंही. तरी सात वर्षं द्या आणि त्यातच उपचारही करा, अशी एक ओळ निकालात लिहायला कलम ३११ आडवं येत नाही. तुरुंगात दारू मिळत नाही म्हणजे ती सुटली, असं नव्हे. थरथर थोड्या दिवसांत थांबते, ओढ तशीच राहते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती २०१५ ला आली, २०२१ ला उठली. वैनगंगेच्या एका काठाला परवान्याचं दुकान, दुसऱ्या काठाला झुडपात पुरलेला मोहसडवा. बंदी हवी की नको यावर आपण घसा कोरडा करून भांडलो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाने तालुक्यातालुक्यांत व्यसन सोडवायची क्लिनिकं चालवली, त्यावर मात्र असं कोणी भांडलं नाही. पहिल्या शिक्षेत या कुऱ्हाडवाल्याजवळ दारू सोडवायला कोणी बसलं होतं का, हे त्याच्या गुन्ह्यांच्या यादीत लिहिलेलं नसतं. त्या यादीत फक्त त्याच्याच चुका असतात.

पानठेलेवाल्याला साक्षीत विचारतात, कुऱ्हाड कोणत्या हातात होती, उजेड किती होता. सुटून आल्यावर हा माणूस कसा असावा, हे त्याला कोणी विचारत नाही. एसटी स्टँडवरून गावाकडे जाणारी वाट तर त्याच्याच ठेल्यासमोरून जाते.