समासातला प्रश्न

प्राध्यापकांच्या टेबलावर असाइनमेंटचा गठ्ठा असतो. विषय सर्वांना एकच: महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या दुरवस्थेची जी कारणं दिली, त्यांची चिकित्सा करा. वही उघडावी तर सुरुवातीलाच जन्म, 1827. मग 1848ची मुलींची शाळा. मग 1873, सत्यशोधक समाज. असूड यायला तिसरं पान उजाडतं. सगळं खरं, अक्षर नेटकं, समास आखलेला. आणि त्या समासात लाल शाईने लिहिलेलं असतं, 'तुमचं मत काय?'

मुलगा शेरा वाचतो आणि गोंधळतो. मत द्यायचं होतं?

बारावीपर्यंत ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. अपेक्षित प्रश्न पाठ करायचे, मुद्दे सुटू द्यायचे नाहीत, ही शिस्त त्याने मनापासून पाळली. कॉलेजात नियम बदलले आणि ते त्याला सांगायचं राहून गेलं. अशा मुलाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

खरं तर मागणी साधी आहे. 1883 सालच्या या पुस्तकात फुल्यांनी धर्मकार्यांच्या नावाने होणारी लूट, नोकरशाहीची लाचखोरी, सरकारी साऱ्याचं ओझं, जंगल खात्याने अडवलेली कुरणं अशी कारणं एकेक करून मांडली. यातलं कोणतं त्यांनी दाखल्यांनिशी पटवलं? कोणतं आज उरलेलं नाही, आणि कोणतं नाव बदलून अजून टिकून आहे? एवढंच विचारायचं असतं.

वर्गात अशी कितीतरी मुलं असतात, ज्यांच्या घरावर सोसायटीचं कर्ज आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारे वडील त्यांनी पाहिलेले असतात. या पुस्तकाशी बोलायला त्यांच्याइतकं कुणाजवळ काही नसेल. पण ते वहीत उतरत नाही. जे ठाऊक आहे ते लिहिण्याजोगं वाटत नाही, आणि जे लिहिलं ते आपलं नसतं. गुण कमी मिळतात याहून मला याचंच जास्त वाईट वाटतं.

'असूड' फुल्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. समोर ऐकणारं माणूस होतं. आपल्या मुलांना मात्र समोर फक्त तपासणारा दिसतो.

प्राध्यापकांनी विषय देतानाच एखादं चांगलं उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं आणि ते चांगलं का, हेही सांगावं. त्याला अर्धा तास पुरतो. आणि मुलांनो, 'सर, मॅडम, यात मी नेमकं काय करायचं आहे?' हे विचारायला संकोचू नका. वही जमा करायच्या आदल्या दिवशी नव्हे, विषय मिळेल त्याच दिवशी विचारा.