क्रमाचे प्रामाण्य

अमुक कर्म आधी आणि तमुक नंतर हे कोणाच्या अधिकाराने ठरते, हा प्रश्न ज्यांना याज्ञिकांचा कोरडा काथ्याकूट वाटत असेल, त्यांनी जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय एकदा सावकाश चाळावा. कारण तो सबंध अध्याय या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. अनेक अंगे एकाच कर्त्याला करावयाची असता ती एका क्षणी होणे अशक्य, म्हणून क्रम आवश्यक. आणि क्रम आवश्यक म्हणून त्याला प्रमाण आवश्यक. अशा पायऱ्या चढत मीमांसक श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती या सहा प्रमाणांपाशी येऊन पोचतात. ‘नेहमी असेच होत आले आहे’ हे या सहांत कोठेही बसत नाही, ही गोष्ट प्रारंभीच नजरेत भरण्याजोगी आहे.

या विचाराची विलक्षण मशागत आपल्या सातारा जिल्ह्यात झाली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासाश्रमातले केवलानंद सरस्वती, यांनी सिद्ध केलेला मीमांसाकोश १९५२ पासून सात खंडांत प्रसिद्ध झाला, आणि आजही मीमांसेचा अभ्यासक त्यावाचून पाऊल टाकू शकत नाही. वाई ज्या कृष्णेच्या काठी आहे तिच्याच काठाने खाली सांगलीस उतरावे तर तेथे १९४७ साली स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि लिनक्स या संगणकप्रणालीचा अभ्यास करणारे तेथील विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. वाईचे शास्त्री आणि सांगलीचे हे तरुण यांची परस्परांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. परंतु लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, फायलींचा कारभार पाहणारी जी संहिता आहे तिच्यातील ‘डेटा रेस’ नावाचा दोष दुरुस्त करू पाहणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, पाचव्या अध्यायाच्याच दाराशी येऊन उभा राहतो, असे माझे म्हणणे आहे.

दोषाचे स्वरूप आधी पाहू. प्रत्येक फायलीची लांबी कर्नल आपल्या स्मरणात ६४ बिटांच्या एका आकड्याने ठेवतो. परंतु ३२ बिटांच्या यंत्राला एवढा आकडा एका घासात उचलता येत नाही, तो दोन अर्ध्या तुकड्यांनी वाचावा आणि लिहावा लागतो. आता समजा एखाद्या फायलीची लांबी ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे आणि तिला आणखी एकच बाइट जोडला जात आहे. लिहिणाऱ्याने एक अर्ध बदलले असून दुसरे बदलायचे आहे, अशा ऐन क्षणी दुसऱ्या प्रोसेसरने वाचले, तर त्याला लांबी शून्य तरी दिसेल, नाहीतर ८,५८,९९,३४,५९१ तरी. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद निम्मी लिहून झाली असताना कोणी सातबाऱ्याचा उतारा काढावा, आणि त्यात नाव नव्या मालकाचे व क्षेत्र जुन्या मालकाचे यावे, तसा हा प्रकार. जी जमीन या पृथ्वीवर कधीच कोणाची नव्हती तिचा तो दाखला. कर्नलने यावर केलेली तजवीज सुबक आहे. आकड्याशेजारी एक गणक ठेवलेला असतो. लिहिणारा आरंभी तो एकाने वाढवतो आणि शेवटी पुन्हा एकाने वाढवतो. वाचणारा आधी व नंतर गणक पाहतो, आणि तो विषम दिसला किंवा मध्येच बदललेला आढळला, तर वाचलेले टाकून पुन्हा वाचतो. मात्र लिहिणारे दोघे असले आणि त्यांनी आपापसांत कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देणारा ‘लॉक’, घेतले नाही, तर गणकाची एखादी वाढ हरवते, आणि मग बिचारा वाचणारा पुन्हा पुन्हा वाचत कायमचा फिरत राहतो.

येथवर कोणी म्हणेल की ही निव्वळ गवंडीकामाची बाब झाली, तत्त्वज्ञान कोठे आहे? ते पुढे आहे. संहितेत ज्या क्रमाने ओळी लिहिल्या त्याच क्रमाने त्या घडतात, हा सामान्य माणसाचाच नव्हे तर पुष्कळ प्रोग्रामरांचाही भाबडा विश्वास असतो. मीमांसेच्या भाषेत तो पाठक्रमावरचा विश्वास होय. पण पाठक्रम दुर्बल आहे हे शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे की, वेदपाठात अग्निहोत्राचा होम आधी सांगितला असून यवागू, म्हणजे पेज, शिजवण्याचे त्यानंतर सांगितले आहे; पण शिजल्यावाचून होमात द्यायचे काय? म्हणून प्रयोजन पाठाला बाजूस सारते, आणि पेज आधी शिजते. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि ती चालवणारा प्रोसेसर हे दोघेही असलेच अर्थक्रमाचे पक्के उपासक आहेत. दोन ओळींचा परस्परसंबंध त्यांना दिसला नाही, तर वेग साधण्यासाठी ते त्या उलटसुलट करतात, एकच वाचन दोनदा करतात, दोन लेखनांचे एक करतात. आणि स्वतःपुरते पाहिले तर त्यांचे अजिबात चुकत नाही. चुकते ते एवढेच की प्रयोजन त्यांना एकाच कर्त्याचे ठाऊक असते. ‘आधी माहिती भरली, मग तयार असल्याची खूण केली’ यांतला पूर्वापरभाव लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कामाला लागत नाही. तो लागतो पलीकडे खुणेची वाट पाहणाऱ्या दुसऱ्याला, ज्याची वार्ता पहिल्याच्या कंपायलरला नसते.

म्हणूनच कर्ते अनेक झाले की अर्थ आणि पाठ दोन्ही अपुरे पडतात, आणि क्रम तोंडाने उच्चारून सांगणारी श्रुतीच हवी. यज्ञातही ऋत्विज अनेक असतात, सोमयागात तर सोळा. तेथे अध्वर्यूने पुकारा करायचा, आग्नीध्राने प्रत्युत्तर द्यायचे, आणि मगच होत्याने याज्या म्हणायची, असा शब्दाचा दुवा घातलेला असतो. कोणीही दुसऱ्याच्या हातांकडे पाहून अंदाजाने आरंभ करीत नाही. कर्नलमधील ‘रिलीज’ आणि ‘अक्वायर’ ही जोडी नेमके हेच काम करते: एकाने पुकारावे, दुसऱ्याने ऐकावे, आणि ऐकणाऱ्याला पुकारण्यापूर्वीचे सर्व केलेले दिसावे. लिनक्सने १९९६ साली अनेक प्रोसेसर असलेली यंत्रे चालवण्यास प्रारंभ केला तेव्हा गाभ्याभोवती एकच मोठे कुलूप घालून ही अडचण टाळली होती, म्हणजे पुष्कळ ऋत्विज असूनही गाभाऱ्यात एका वेळी एकालाच प्रवेश. ते कुलूप तुकड्यातुकड्यांनी सोडवीत २०११ साली पूर्णपणे काढले, आणि तेव्हापासून जो तो आपापल्या क्रमाला जबाबदार आहे. त्यात इंटेलचे प्रोसेसर लेखनांचा आपसांतील क्रम स्वभावतःच राखतात, तर फोनमधले एआरएम जातीचे राखत नाहीत. परिणामी पुकारा विसरलेली संहिता सांगलीतल्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि खिशातल्या फोनवर कोसळते. इंटेलचा हा स्वभाव म्हणजे आचार आहे, आणि श्रुतीचा आधार नसलेल्या आचाराला प्रमाण मानू नये, हे तर मीमांसकाला पहिल्याच अध्यायात कळलेले असते.

सहांतले शेवटचे प्रमाण मला सर्वांत रम्य वाटते. वाजपेय यज्ञात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात. पहिला संस्कार कोणत्या पशूपासून सुरू करावा याची मोकळीक आहे, पण एकदा तो ज्या क्रमाने केला त्याच क्रमाने पुढचे सर्व संस्कार व्हावे लागतात. हा प्रवृत्तिक्रम. २००६ साली लिनक्समध्ये आलेला ‘लॉकडेप’ हा तपासनीस हेच करतो: कुलपे प्रथम कोणत्या क्रमाने घेतली गेली ते तो टिपून ठेवतो, आणि पुढे कधीही कोणी ती उलट घेतली की, प्रत्यक्षात कोणी एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकले नसले तरी, तक्रार नोंदवतो. दोन फायलींना कुलूप लावायचे झाले तर त्यांच्या स्मृतीतील पत्त्याच्या चढत्या क्रमाने लावावे, असा तेथे दंडक आहे. पत्त्याच्या लहानमोठेपणाला कसलाही अर्थ नाही. सर्वांनी तो एकच पाळावा एवढ्यातच त्याचे सारे पावित्र्य आहे.

आता खरा वादाचा मुद्दा. ज्या क्रमभंगाने कोणाचे काही बिघडले नाही, तो दोष मानावा काय? ‘एक्स्ट-४’ या फाइल सिस्टीमपुरते २०२० सालचे एक प्रकरण घेतो. डिस्कवर नोंदायची लांबी वाढवायची आहे की नाही हे पाहण्यासाठी तेथे तो आकडा कुलपाशिवाय नुसता डोकावून वाचला जाई. वाढवायचा वाटला तर कुलूप घेऊन, पुन्हा खात्री करून मगच लिहिला जाई. त्याच वर्षी कर्नलमध्ये ‘केसीसॅन’ नावाचा शोधक दाखल झाला, जो एखादे वाचन किंवा लेखन काही मायक्रोसेकंद मुद्दाम खोळंबून ठेवतो आणि तेवढ्यात त्याच जागेला दुसरे कोणी शिवते काय ते पाहतो. त्याने हे डोकावणे पकडले. बचाव तयारच होता: आत पुन्हा तपासतो ना, मग बिघडले कोठे? परंतु कर्नल ज्या सी भाषेत लिहिला जातो तिच्या २०११ च्या प्रमाणग्रंथाने असा बचाव मुळातच निकालात काढला आहे. त्याच्या मते क्रम न ठरवलेली टक्कर ज्यात आहे त्या प्रोग्रामला अर्थच उरत नाही, आणि परिणाम चांगला की वाईट ही पुढची चौकशी संभवत नाही. मीमांसकही विधीतील वैगुण्य फळावरून मोजत नाही. मी या पक्षाचा आहे. ‘निरुपद्रवी शर्यत’ हा शब्दप्रयोग मला लबाड वाटतो, कारण निरुपद्रवीपणाचा दाखला नेहमी तोच देतो ज्याने उपद्रव अजून पाहिलेला नाही.

तरीही या पक्षाला एक कीड लागते, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. वरील प्रकरणात दुरुस्ती म्हणून त्या वाचनाभोवती ‘रीड वन्स’ ही खूण घातली गेली. तिने कुलूप आले नाही, टक्कर टळली नाही, फक्त येथे कुलपाशिवाय वाचतो आहोत हे उघड सांगितले गेले आणि कंपायलरला चलाखीची मनाई झाली. विचारपूर्वक घातलेली ती खूण योग्यच होती. पण शोधकाने बोट दाखवले की विचार न करता खूण घालायची आणि त्याला गप्प करायचे, ही रीत फोफावायला वेळ लागत नाही. आणि जेथे मुळात कुलूपच राहून गेले आहे तेथे अशी खूण पडली, की ज्याने ती चूक उद्या दाखवली असती तो शोधक तिच्यावरून मुकाट पुढे जातो, आणि फायलीची लांबी पूर्वीप्रमाणेच अधूनमधून चुकत राहते.